व्हिट्रुव्हियस : चुन्याचं शास्त्र लिहून ठेवणारा रोमन

लिओनार्दो दा विंचीचं ते चित्र तुम्ही नक्की पाहिलं असेल. वर्तुळात आणि चौकोनात हातपाय पसरून उभा असलेला माणूस! त्याला 'व्हिट्रुव्हियन मॅन' म्हणतात. पण हा व्हिट्रुव्हियस कोण, असं मुलांनी विचारलं तर आपण बहुधा गप्प बसतो. म्हणून आज त्याची ओळख करून घेऊ.

व्हिट्रुव्हियस इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला रोमन अभियंता. ऑगस्टसच्या काळात सैन्याची दगड-बाण फेकणारी यंत्रं बनवणं आणि दुरुस्त ठेवणं हे त्याचं काम होतं. फानुम या गावी त्याने एक मोठं सभागृह बांधलं. पण कामं मिळवण्यासाठी लोकांच्या मागे फिरणं त्याला जमलं नाही. त्यामुळे पैसाही फार मिळाला नाही आणि नावही झालं नाही. सम्राटाची बहीण ऑक्टाव्हिया हिने शब्द टाकला, म्हणून म्हातारपणी पोटाची चिंता मिटली. आपण बुटके आहोत, वयाने चेहरा बिघडला आहे, तब्येतही साथ देत नाही, हे त्याने स्वतःच सांगून टाकलं आहे. आई-वडिलांनी शिकवलं याबद्दल त्यांचे आभारही मानले आहेत. या निवांतपणात त्याने दहा भागांचा वास्तुशास्त्राचा ग्रंथ लिहून ऑगस्टसला अर्पण केला.

त्यातला दुसरा भाग मला सर्वांत आवडतो, कारण तिथे गवंड्याच्या हातातलं ज्ञान कागदावर आलंय. खाणीतली वाळू असेल तर तीन भाग वाळूला एक भाग चुना. नदीची किंवा समुद्राची असेल तर दोन भागांना एक. नदीच्या वाळूत एक तृतीयांश भाजलेल्या मातीच्या भांड्यांचा चुरा चाळून घातला तर माल आणखी चांगला होतो, असंही तो सांगतो. आपल्याकडे जुन्या बांधकामात चुन्यात विटांचा चुरा, म्हणजे सुरखी घालत, त्यातलाच हा प्रकार.

आणि मग येते नेपल्सजवळची ज्वालामुखीची राख. साधा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू घट्ट होतो, पाण्याखाली त्याचं काही चालत नाही. या राखेत मात्र सिलिका आणि ॲल्युमिना असतं. पाणी मिळालं की त्यांची चुन्याशी प्रक्रिया होते आणि माल पाण्यातच दगडासारखा होतो. बंदराच्या कामासाठी व्हिट्रुव्हियस दोन भाग राख, एक भाग चुना असं प्रमाण देतो. कारण सांगताना तो अग्नी, जल, वायू अशा तत्त्वांची भाषा वापरतो. ते आज टिकत नाही. प्रमाण मात्र बरोबर निघालं!

एक गोष्ट मात्र ग्रंथात नाही. चुना आधी पाण्यात भिजवून चांगला मुरू द्यावा, असं तो लिहितो. कुदळीने ढवळल्यावर गुठळ्या लागल्या तर चुना कच्चा, गोंदासारखा चिकटला तर तयार. पण रोमन भिंतींत चुन्याचे छोटे पांढरे खडे जागोजागी दिसतात. पुष्कळ वर्षं लोक म्हणायचे, मालच नीट कालवला नसेल. 2023 साली एमआयटी आणि हार्वर्डच्या संशोधकांनी प्रिव्हेर्नम गावच्या भिंतीचे नमुने तपासून वेगळंच सांगितलं. तिथे चुनकळी न भिजवता थेट मालात घातली होती, माल गरमागरम तयार झाला होता. पुढे भेग पडून पाणी शिरलं की हे खडे विरघळतात आणि भेग कॅल्साइटने भरून येते. संशोधकांनी तसाच माल करून त्याला अर्धा मिलिमीटर भेग पाडली, ती दोन आठवड्यांत बुजली. म्हणजे गवंडी ग्रंथाबाहेरचंही काही करत होते.

व्हिट्रुव्हियसला स्वतःला या भिंतींची फार खात्री नव्हती, बरं का. मऊ दगडाच्या भरावाच्या भिंतीची किंमत ठरवताना रोममध्ये दरवर्षी एक ऐंशीांश वजा करत, म्हणजे आयुष्य ऐंशी वर्षं धरलेलं, अशी नोंद त्याने केली आहे.

वर्गात करण्यासारखा प्रयोगही त्यानेच दिलाय. शाळेजवळ बांधकाम चालू असेल तर मूठभर वाळू आणा. आधी ती मुलांना हातात चोळून बघू दे, करकर वाजते का ते. मग ती पांढऱ्या कापडावर टाकून झटका. डाग राहिला नाही तर वाळू चांगली, राहिला तर तिच्यात माती आहे. चुनकळी मात्र मुलांच्या हाती देऊ नका, पाणी लागताच ती उकळते आणि भाजतं.