न्यायालयातून पापनिवेदनगृहाकडे : संत आल्फोन्सस लिगोरी

दर वर्षी १ ऑगस्ट रोजी आपण संत आल्फोन्सस लिगोरी ह्यांचा सण साजरा करतो. देव न्यायी आहे की दयाळू, असा प्रश्न आपल्याला अनेकदा पडतो. न्यायी म्हणावे तर पापांची धास्ती वाटते. नुसता दयाळू म्हणावे तर पापाचे काही वाटेनासे होते. ह्या संतांच्या जीवनात आपल्याला दोन्हींची सांगड दिसते.

आल्फोन्सस ह्यांचा जन्म १६९६ साली इटलीतील नेपल्सजवळ एका उमराव घराण्यात झाला. वयाच्या अवघ्या १६ व्या वर्षी त्यांनी कायद्याची डॉक्टरेट मिळवली. पुढे वकिलीत त्यांचे मोठे नाव झाले. १७२३ साली जहागिरीच्या एका मोठ्या खटल्यात मात्र ते हरले. कागदपत्रांतील एक महत्त्वाचा मुद्दा त्यांच्या नजरेतून निसटला होता, असे सांगतात. त्यांनी न्यायालय कायमचे सोडले. असाध्य रोग्यांच्या इस्पितळात सेवा करताना त्यांना देवाची हाक ऐकू आली. आपली तलवार मरियामातेच्या वेदीवर ठेवून ते धर्मगुरू होण्यास निघाले. १७२६ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली.

त्या काळी काही धर्मगुरू पापनिवेदन ऐकताना फार कठोर असत. ते लोकांना पापक्षमेसाठी ताटकळत ठेवत. गोरगरीब बिचकून चर्चपासून दूर राहत. आल्फोन्सस पश्चात्तापी माणसाला पित्याच्या मायेने जवळ करत. स्काला गावाच्या डोंगरात धर्मगुरूंविना राहणारे मेंढपाळ पाहून त्यांचे मन कळवळले. १७३२ साली तेथेच त्यांनी रिडेम्प्टोरिस्ट संस्था स्थापन केली. तिचे ब्रीद स्तोत्र १३० मधून घेतले आहे. देवाने पापांचा हिशेब मांडला तर कोणीच टिकणार नाही, पण त्याच्याजवळ विपुल तारण आहे, असा त्या स्तोत्राचा आशय आहे.

म्हणून त्यांनी पापाला हलके मानले का? मुळीच नाही. चोरलेले परत करावे, मोडलेले नाते जोडावे, हे ख्रिस्तसभेचे शिक्षण त्यांनी आपल्या नीतिशास्त्राच्या ग्रंथात सविस्तर मांडले. जक्कयाचे उदाहरण पाहा. प्रभू येशू आधी त्याच्या घरी गेला. मग जक्कयाने फसवून घेतलेले चौपट परत करण्याचे ठरवले. दया आधी आली आणि न्याय तिच्या मागोमाग आला.

१७६२ साली ते बिशप झाले. पुढे दुष्काळ पडला, तेव्हा भुकेल्यांसाठी त्यांनी आपली घोडागाडीसुद्धा विकली. उतारवयात त्यांच्यावरच अन्याय झाला. दृष्टी अधू झालेली असताना त्यांच्याकडून एका बदललेल्या नियमावलीवर सही घेण्यात आली. त्यामुळे त्यांनीच स्थापन केलेल्या संस्थेतून ते बाहेर पडले. तरीही पोपमहोदयांचा निर्णय त्यांनी नम्रपणे स्वीकारला. त्याच अवस्थेत, १ ऑगस्ट १७८७ रोजी, पगानी येथे त्यांना देवाज्ञा झाली. ख्रिस्तसभेने १८३९ साली त्यांना संतपद दिले आणि १८७१ साली महापंडित म्हणून गौरवले.

आपल्यापैकी काहीजण भीतीमुळे वर्षानुवर्षे पापनिवेदनाला जात नाहीत. काहीजण जातात, पण भावाशी धरलेला अबोला किंवा बुडवलेले पैसे तसेच ठेवतात. संत आल्फोन्सस दोघांनाही वाट दाखवतात : न घाबरता क्षमा मागावी आणि घरी परतून ज्याचे त्याला द्यावे. त्यांच्या मध्यस्थीने ही कृपा आपणां सर्वांना लाभो.