भास्कराचार्य आणि गुणाकाराची खूण

पलसाणे आणि सुरत येथील कापडाच्या कारखान्यांत काम करणारी पुष्कळ मराठी कुटुंबे मूळची खानदेशची आहेत. त्याच खानदेशात, चाळीसगाव तालुक्यातील पाटण येथील शिलालेखात, भास्कराचार्यांच्या घराण्याची हकीकत कोरलेली आहे. आपल्या मुलांना बीजगणित जड जाते असे म्हणणाऱ्या आईबापांसाठी आम्ही त्यांचे चरित्र थोडक्यात देत आहोत.

भास्कराचार्यांचा जन्म इ. स. १११४ चा. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या ३६ व्या वर्षी, म्हणजे ११५० साली, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ हा ग्रंथ रचला. लीलावती आणि बीजगणित हे त्याचेच भाग होत. उतारवयातही लेखणी थांबली नाही. ११८३ साली त्यांनी ‘करणकुतूहल’ पूर्ण केला. पुढे त्यांचा नातू चंगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी पाटण येथे मठ स्थापिला.

त्यांच्या बीजगणितात पहिली अज्ञात संख्या ‘या’, दुसरी ‘का’, आणि ज्ञात संख्या ‘रू’ या अक्षराने दाखवीत. ‘या ५ रू ३’ असे शेजारी शेजारी लिहिले की त्याचा अर्थ बेरीज. गुणाकाराला निराळी खूण लागे: ‘या’ ला ‘या’ ने गुणले तर वर्ग म्हणून ‘याव’, आणि ‘या’ ला ‘का’ ने गुणले तर भावित म्हणून ‘याकाभा’. उणे संख्येच्या डोक्यावर टिंब देत. पाच ‘या’ उणे एक यास तीन ‘या’ अधिक दोन याने गुणून पंधरा वर्ग, सात ‘या’ आणि उणे दोन हे उत्तर त्यांनी दिले आहे. आजही उत्तर तेच येते.

बदलली ती लिहिण्याची रीत. गुणाकाराची फुली प्रसिद्ध केली ती इंग्लंडातील एका पाळकाने, विल्यम ऑट्रेड यांनी, १६३१ साली. ही फुली एक्स या अक्षरासारखी दिसते म्हणून जर्मन पंडित लायब्निट्स टिंब पसंत करीत. आज बीजगणितात दोन अक्षरे खुणेवाचून शेजारी लिहिली की गुणाकार समजतात. पण अंकगणितात २ आणि ३ शेजारी लिहिले की तेवीस होतात, आणि दोनाशेजारी अर्धा लिहिला की अडीच, म्हणजे बेरीज!

तेव्हा शेजारची अक्षरे पाहून जे मूल बेरीज करते, त्याला मठ्ठ म्हणून मारू नये. त्याने केलेला अर्थ एके काळी आचार्यांच्या पोथीत बरोबरच होता. गुणाकाराचा नियम कोणी ठरविलेला नाही; खूण मात्र माणसांनी आपसांत ठरविलेली आहे, आणि ठरविलेली गोष्ट सांगितल्यावाचून कळत नाही.

प्रेषित पौलाने करिंथ येथील मंडळीस बजाविले होते की, ऐकणाऱ्यास अर्थ लागत नसेल तर बोलणे व्यर्थ आहे. घरी मुलाला शिकविताना आणि मंडळीत नव्याने आलेल्यास आपल्या चालीरीती दाखविताना आपण हे ध्यानात ठेवू या. आधी खुणेचा अर्थ सांगावा, मग चूक काढावी.