एक्सप्लेनर : वेअरवुल्फच्या लेखकापासून यमूच्या गोष्टीपर्यंत, हरिभाऊ आपटेंनी मराठी कादंबरी कशी बदलली?

यवत स्टेशनवर गाडीची वाट पाहताना मोबाइलवर वेअरवुल्फ आणि ठरवून केलेल्या लग्नाच्या कथेचा पुढचा भाग उघडणारे वाचक आज सहज सापडतील. पण भागाभागाने येणारी गोष्ट मोबाइलने आणलेली नाही. १८८५ मध्ये पुण्यात वाचक अशाच पुढच्या भागाची वाट पाहत होते. लेखक होते २१ वर्षांचे हरी नारायण आपटे.

वेअरवुल्फचा संबंध काय?

इंग्रज लेखक जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स याची 'वॅग्नर द वेअरवुल्फ' ही कादंबरी १८४६-४७ मध्ये साप्ताहिकात क्रमशः आली. १५१६ सालचा एक म्हातारा मेंढपाळ तारुण्याच्या बदल्यात शाप पत्करतो. दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी त्याचा लांडगा होतो आणि त्याच अवस्थेत त्याचे प्रेमही फुलते. रेनॉल्ड्सची पुस्तके भारतात प्रचंड खपली. हरिभाऊंची पहिली कादंबरी 'मधली स्थिती' हीदेखील रेनॉल्ड्सच्याच, पण लंडनच्या अंधाऱ्या बाजूवरच्या कादंबरीवर बेतलेली होती. ती 'पुणे वैभव'मध्ये छापून येऊ लागली. लंडनच्या जागी पुण्यातला सुशिक्षित, दारूच्या आहारी गेलेला मध्यमवर्ग आला.

हरिभाऊ कोण होते?

जन्म ८ मार्च १८६४, खानदेशातील पारोळा. लहानपणीच आई गेली. काका महादेव चिमणाजी आपटे मुंबईत वकील होते. त्यांच्या एकत्र कुटुंबात हरिभाऊ वाढले आणि पुढे पुण्यात आले. न्यू इंग्लिश स्कूलमध्ये चिपळूणकर, टिळक, आगरकर यांच्या पिढीचा प्रभाव पडला. कॉलेजात मात्र गणित आडवे आले आणि पदवी हुकली. काकांनी स्थापन केलेल्या आनंदाश्रम संस्थेचे काम त्यांनी सांभाळले, त्यामुळे लिहायला वेळ मिळाला.

मोठा बदल कधी झाला?

१८९० मध्ये त्यांनी 'करमणूक' साप्ताहिक सुरू केले आणि त्यात 'पण लक्षात कोण घेतो' येऊ लागली. इथे शाप नाही, लांडगा नाही. यमू नावाची मुलगी स्वतः आपली गोष्ट सांगते. घरच्यांनी ठरवलेले बालपणीचे लग्न, सासरचा जाच, अकाली वैधव्य आणि मग जबरदस्तीने केलेले केशवपन. भीती घरातच होती आणि ती घालणारी माणसे नात्यातलीच होती. त्याच काळात, १८९१ मध्ये, मुलींचे संमतिवय १० वरून १२ वर्षे करण्याच्या कायद्यावरून पुण्यात टोकाचा वाद पेटला होता. त्यामुळे वाचकांच्या घरात चाललेली चर्चाच दर आठवड्याला छापून येत होती.

वाद कोणता?

स्वतः हरिभाऊंचे लग्नही त्या काळच्या रीतीप्रमाणे लहान वयातच झाले होते. पहिली पत्नी गेल्यावर त्यांनी दुसरे लग्न केले, तेही विधवेशी नव्हे तर कुमारिकेशी. विधवांचे दुःख मांडणाऱ्या लेखकाने असे का केले, अशी टीका झाली. लिहिणे आणि घरच्यांसमोर उभे राहणे यातले अंतर त्यांनाही पार करता आले नाही. यमूची गोष्ट खोटी ठरत नाही, पण रूढीची पकड किती घट्ट होती हे त्यातून कळते.

इतिहासाकडे कसे वळले?

'म्हैसूरचा वाघ', 'उषःकाल', 'गड आला पण सिंह गेला' आणि विजयनगरवरची 'वज्राघात' या कादंबऱ्यांनी मराठीत ऐतिहासिक कादंबरीला मोठा वाचक मिळवून दिला. १९१२ मध्ये अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. पुणे नगरपालिकेचे अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले. ३ मार्च १९१९ रोजी त्यांचे निधन झाले.

आज कुठून सुरुवात करावी?

लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी भारतात स्वामित्वहक्क संपतो. म्हणजे हरिभाऊंची पुस्तके केव्हाच मुक्त झाली आहेत. थरार हवा असेल तर 'उषःकाल'. आणि लग्न घरच्यांनी ठरवले की मुलीचे मत कोण विचारतो, हा प्रश्न पडत असेल, तर आधी यमूची गोष्ट.