शस्त्रांकडून स्वरांकडे : फरीदसाहेब सतारमेकर

मिरजेचे नाव घेताच संगीतप्रेमींना सतार आणि तंबोरा आठवतो. ही ओळख ज्यांनी घडविली ते फरीदसाहेब शिकलगार वंशाने वाद्यकारागीर नव्हते. तलवारी, भाले आणि सुऱ्यांना धार लावणे, त्यांना झिलई देणे हा शिकलगारांचा पिढीजात व्यवसाय. १८१८ मध्ये पेशवाई संपली, फौजा विसर्जित झाल्या आणि शस्त्रांची मागणी ओसरली. हातात कसब होते. पण त्याला काम उरले नव्हते.

मिरजेचे संस्थानिक पटवर्धन संगीताचे आश्रयदाते होते. त्यांच्या पदरी असलेल्या कलावंतांची वाद्ये बहुधा उत्तरेत घडलेली असत. ती नादुरुस्त झाली की जवळपास जाणकार मिळत नसे. अशी वाद्ये दुरुस्तीसाठी फरीदसाहेब आणि त्यांचे बंधू मोहिनुद्दीन यांच्याकडे आली, असे मिरजेत परंपरेने सांगितले जाते. मोडलेले वाद्य उकलता उकलता त्याची रचना त्यांना उमगली आणि १८५० च्या सुमारास मिरजेत स्वतंत्र वाद्यनिर्मितीला प्रारंभ झाला.

हे स्थित्यंतर सोपे नव्हते. तलवारीचे पोलाद कारागिराच्या इच्छेप्रमाणे वळते. भोपळा वळत नाही. पंढरपूर परिसरातून येणाऱ्या जाड सालीच्या भोपळ्यांत दोन भोपळे कधीही सारखे नसतात. त्यामुळे दांडीचा सांधा आणि वरची तबली हे त्या एका भोपळ्याच्या मापाने ठरवावे लागते. सर्वांत कठीण काम जवारीचे. तारा ज्या घोडीवर टेकतात, तिचा माथा कानसीने इतका सूक्ष्म उतार देऊन घासायचा की तार तिला जेमतेम स्पर्श करीत झंकारली पाहिजे. कानस किंचित जास्त फिरली तर नाद बोथट होतो आणि घोडी पुन्हा घासावी लागते. धातूला धार देणाऱ्या हातांचा संयम येथे उपयोगी पडला असणार.

आज संगणकनियंत्रित यंत्रावर गिटारचे सुटे भाग अचूक कापून मिळतात. मात्र एखाद्या वादकाला आपल्या मापाचा एकच भाग हवा असेल, तर ते काम महाग पडते. आराखडा काढणे, यंत्राला कार्यक्रम देणे, लाकूड पक्के धरणारी पकड बनविणे आणि यंत्र जुळविणे हा खर्च एका नगाला जेवढा येतो, जवळपास तेवढाच हजार नगांना येतो. हजारांत तो विभागला जातो, एका नगावर मात्र सगळा पडतो. भोपळ्याच्या वाद्यात तर प्रत्येक नग वेगळाच असतो. यंत्राने खुंट्या कातता येतील. पण जवारी कानानेच जुळवावी लागते. मिरजेचा कारागीर ग्राहकाकडून जी किंमत घेतो, तिच्यात लाकडापेक्षा या वेळेचा वाटा मोठा असतो.

फरीदसाहेबांच्या उद्योगाला गावातील गायकीचीही साथ लाभली. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी मिरजेत विष्णु दिगंबर पलुस्करांना घडविले. पुढे अब्दुल करीम खाँ येथेच स्थायिक झाले आणि १९३७ मध्ये निधन झाल्यावर मिरजेतच विसावले. वाद्य घडविणारा आणि वाजविणारा एकाच गावात असल्याने दोष तत्काळ कळत आणि दुरुस्त होत. कुटुंबाने शिकलगार हे नाव मागे ठेवून सतारमेकर हे नाव धारण केले आणि वस्तीलाही तेच नाव पडले.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. बनावट मालापासून नावाचे रक्षण करण्यास ते उपयोगी पडेल. परंतु जवारी लावणारा हात तयार व्हायला वर्षे लागतात आणि त्या वर्षांची मजुरी कोणत्याही मानांकनात मोजलेली नसते. तरुण पिढीने कानस हाती घ्यावी, असे वाटत असेल तर एका वाद्यामागच्या दिवसांचे मोल ग्राहकाला द्यावे लागेल. फरीदसाहेबांच्या मागे तेव्हा संस्थानिकांचा आश्रय उभा होता. आजच्या कारागिरामागे उभे राहण्याची जबाबदारी वाद्य विकत घेणाऱ्यांची आहे.