नारायण भास्कर खरे

डॉ. नारायण भास्कर खरे (जन्म : पनवेल, १८८४, मृत्यू : १९७०) हे नागपूरचे वैद्यक व्यावसायिक, राजकीय नेते आणि मध्य प्रांत व वऱ्हाडचे पहिले काँग्रेसी पंतप्रधान होते. त्या काळी प्रांताच्या मुख्यमंत्र्यास पंतप्रधान म्हणत.

लाहोरच्या पंजाब विद्यापीठातून १९१३ साली त्यांनी एम.डी. ही पदवी मिळवली. काही वर्षे सरकारी वैद्यकीय सेवेत काढल्यावर त्यांनी नागपुरात व्यवसाय सुरू केला. पुढे ते प्रांतिक व मध्यवर्ती कायदेमंडळांचे सदस्य झाले. आर्यसमाजी विवाहांना कायदेशीर मान्यता देणाऱ्या विधेयकाचे ते प्रवर्तक होते.

मंत्रिमंडळातील पेच

१९३७ मध्ये खरे पंतप्रधान झाले. प्रांतात मराठी व हिंदी असे दोन भाषिक विभाग होते आणि मंत्रिमंडळही त्याच रेषेवर दुभंगलेले होते. मे १९३८ मध्ये पचमढी येथे समेट झाला, तो टिकला नाही. २० जुलै रोजी खरे, गोळे व देशमुख यांनी राजीनामे दिले. महाकोशलातील रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र व दुर्गाशंकर मेहता यांनी मात्र पक्षश्रेष्ठींच्या आदेशावाचून पद सोडण्यास नकार दिला. तेव्हा गव्हर्नर सर फ्रान्सिस वायली यांनी त्यांना पदच्युत केले आणि खरे यांनी नवे मंत्रिमंडळ बनवले. त्यात दलित समाजातील रामेश्वर अग्निभोज यांचा समावेश होता. हे मंत्रिमंडळ जेमतेम दोन दिवस टिकले. श्रेष्ठींच्या दबावामुळे २३ जुलै रोजी खरे यांनी राजीनामा दिला व शुक्ल नेतेपदी आले. काँग्रेस कार्यकारिणीने खरे यांना पक्षातील जबाबदारीच्या पदांसाठी अपात्र ठरवले.

सहकारी निवडण्याचा अधिकार पंतप्रधानाचा, अशी खरे यांची भूमिका होती. घटनात्मक दृष्ट्या ती निराधार नव्हती. पण पक्षाला अंधारात ठेवून गव्हर्नराकडे जाण्याच्या त्यांच्या घाईमुळे तिचे समर्थन करणे अवघड झाले.

उत्तरायुष्य

१९४३ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. त्यानंतर ते अलवर संस्थानचे पंतप्रधान झाले. गांधीहत्येनंतर फेब्रुवारी १९४८ मध्ये भारत सरकारने त्यांना त्या पदावरून दूर केले. पुढे ते हिंदू महासभेचे अध्यक्ष झाले. १९५० साली दिल्लीतून हद्दपार करण्याच्या आदेशाला त्यांनी सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. बहुमताचा निकाल त्यांच्या विरोधात गेला, तथापि संचारस्वातंत्र्यावरील आरंभीच्या खटल्यांत त्याची गणना होते. पहिल्या लोकसभेत त्यांनी ग्वाल्हेरचे प्रतिनिधित्व केले. १९५९ साली त्यांच्या राजकीय आठवणी इंग्रजीत प्रसिद्ध झाल्या.