गाण्याने सांगितलेला पत्ता

१९६३ सालच्या वसंत ऋतूतील गोष्ट. अमेरिकेच्या दक्षिणेकडील मिसिसिपी राज्यात, अ‍ॅव्हलॉन नावाच्या चिमुकल्या खेड्यातील एका दुकानापाशी टॉम हॉस्किन्स नावाचा गोरा तरुण येऊन पोहोचला. वॉशिंग्टन परिसरातील जुन्या तबकड्यांच्या संग्राहकांपैकी तो एक. पस्तीस वर्षांपूर्वीच्या एका ध्वनिमुद्रणात गायकाने आपल्या गावाचे नाव घेतले होते. त्या एका उल्लेखाच्या आधारे तो इतक्या दूर आला होता. चालू नकाशांत हे गाव सापडेना. अखेर १८७८च्या एका नकाशासंग्रहात त्याचा ठावठिकाणा लागला. दुकानात चौकशी केल्यावर कळले ते अनपेक्षित होते. हा गायक हयात तर होताच, शिवाय जवळच्याच टेकडीवर राहत होता.

त्या वृद्ध शेतमजुराचे नाव जॉन स्मिथ हर्ट. संगीताचे जग त्यांना ‘मिसिसिपी’ जॉन हर्ट या नावाने ओळखते. दारात उभा असलेला अनोळखी गोरा माणूस पाहून ते प्रथम धास्तावले. हा सरकारी तपास यंत्रणेचा माणूस असावा, असे त्यांना वाटले. त्या काळच्या मिसिसिपीत ही भीती अनाठायी नव्हती. शेजारच्याच लेफ्लोर परगण्यातून १९५५ मध्ये एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला पळवून नेऊन त्याची हत्या करण्यात आली होती आणि आरोपी निर्दोष सुटले होते. गोऱ्या माणसाने कृष्णवर्णीयाचे घर शोधत येणे, हे तेथे शुभवर्तमान मानले जात नसे. पाहुण्याचा हेतू कळल्यानंतर आणखी एक गोष्ट उघड झाली. ज्याच्या वादनासाठी हा तरुण इतक्या दूर आला होता, त्या वादकाकडे स्वतःची गिटारच उरली नव्हती.

हर्ट यांचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात, कॅरोल परगण्यातील टिओक येथे झाला. नेमक्या तारखेबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. कुटुंब अ‍ॅव्हलॉनला स्थिरावले आणि तेच त्यांचे गाव झाले. नऊ-दहा वर्षांच्या वयात आईने त्याला गिटार घेऊन दिली. रीतसर गुरू लाभला नाही. घरी येणाऱ्या एका पाहुण्याचे वादन ऐकून, पाहून जॉन शिकला. पुढे पोटासाठी शेती आणि मजुरी, काही काळ रेल्वेच्या रुळांवरील काम आणि शनिवारच्या रात्री गावातील नाचगाण्यांत वादन, असा जीवनक्रम ठरून गेला. शेतीही बहुतांशी दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने केलेली.

अ‍ॅव्हलॉन हे मिसिसिपीचा सपाट, सुपीक डेल्टा आणि टेकड्यांचा प्रदेश यांच्या सीमेवर वसलेले. हर्ट यांचे संगीतही असेच सीमेवरचे. डेल्टातील चार्ली पॅटन किंवा सन हाउस यांच्या ब्लूजमध्ये आक्रोश आहे, तारांवर आघात आहे. हर्ट यांच्याकडे हे काहीच नाही. उजव्या हाताचा अंगठा खर्जाच्या तारांवर अखंड, समतोल ठेका धरतो आणि त्याच वेळी बोटे वरच्या तारांवर गाण्याची चाल वाजवतात. ठेका आणि चाल यांचा हा खेळ इतका सहज चालतो, की दोन वादक एकत्र वाजवत असल्याचा भास व्हावा. आवाज हलका, शेजारी बसून गोष्ट सांगावी तसा. त्यांच्या संग्रहात ब्लूजबरोबरच खून-मारामाऱ्यांच्या कथागीतांचा, रेल्वे कामगारांच्या गाण्यांचा आणि चर्चमधील भजनांचाही समावेश होता.

या कलेची दखल बाहेरच्या जगाने घेतली, ती विली नार्मोर या गोऱ्या फिडलवादकामुळे. वर्णभेदाच्या त्या कडक काळातही हे दोघे शेजारी कधीमधी एकत्र वाजवत असत. नार्मोर यांना ‘ओकेह’ या ध्वनिमुद्रण कंपनीची संधी मिळाली, तेव्हा त्यांनी कंपनीचे निर्माते टॉमी रॉकवेल यांच्याकडे हर्ट यांचे नाव सुचवले. फेब्रुवारी १९२८ मध्ये मेम्फिस येथे आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कला त्यांची ध्वनिमुद्रणे झाली. नावापुढे ‘मिसिसिपी’ हे बिरुद लावले ते कंपनीने, विक्री वाढावी म्हणून. न्यूयॉर्कच्या मुक्कामात गावाची ओढ लागली आणि त्यातून ‘अ‍ॅव्हलॉन ब्लूज’ हे गाणे जन्मले.

पण तबकड्या खपल्या नाहीत. कृष्णवर्णीयांच्या तबकड्या तेव्हा वेगळ्या मालिकेत काढल्या जात आणि त्यांच्याच वस्त्यांत विकल्या जात. त्यात १९२९ची महामंदी आली. ज्या घरांत भाकरीची भ्रांत पडली, तेथे तबकड्या कोण घेणार? ध्वनिमुद्रणाचा धंदाच कोलमडला आणि हर्ट यांना पुन्हा बोलावणे आले नाही. ते नांगराकडे वळले. मुंबई-पुण्याच्या रसिकांना ठाऊक आहे, की एखादा गुणी गायक दोन-चार तबकड्या मागे ठेवून विस्मृतीत जातो. येथे मात्र गायक जिवंत होता, फक्त त्याला विचारायला कुणी येत नव्हते.

विस्मृतीच्या या राखेत एक ठिणगी मात्र शिल्लक राहिली. १९५२ मध्ये हॅरी स्मिथ या संग्राहकाने जुन्या तबकड्यांतून ८४ ध्वनिमुद्रणे निवडून अमेरिकी लोकसंगीताचा एक संच प्रसिद्ध केला. त्यात हर्ट यांची दोन गाणी होती. गायक कृष्णवर्णीय की गोरा, हे स्मिथ यांनी मुद्दामच नमूद केले नव्हते. शहरांतील महाविद्यालयीन तरुणांनी हा संच डोक्यावर घेतला आणि लोकसंगीताच्या पुनरुज्जीवनाची लाट आली. हर्ट यांची बोटे कशी चालतात, हे तबकडीवरून शिकण्याचा प्रयत्न अनेकांनी केला. त्यांपैकी बहुतेकांनी हा वादक केव्हाच मरण पावला असेल असे गृहीत धरले होते.

अ‍ॅव्हलॉनच्या शोधानंतर मात्र घटना वेगाने घडल्या. १९६३ मध्येच वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी त्यांचे ध्वनिमुद्रण झाले. जुलैमध्ये न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात हजारो तरुणांसमोर ते गायले. बॉब डिलन आणि जोन बाएझ यांनी गाजवलेला हाच तो महोत्सव. त्यानंतर महाविद्यालये, कॉफी हाउसेस, दूरचित्रवाणी आणि नव्या तबकड्या, असे सगळेच एका दमात आले. पत्नी जेसी यांच्यासह ते वॉशिंग्टनला राहायला आले. डोक्यावर हॅट, चेहऱ्यावर मंद हसू आणि कुणाबद्दल कडवटपणा नाही, हे त्यांचे रूप त्या पिढीच्या स्मरणात राहिले. त्यांच्या पाठोपाठ १९६४ मध्ये स्किप जेम्स आणि सन हाउस हेही विस्मृतीतून शोधून काढले गेले. ‘लव्हिन’ स्पूनफुल’ या गाजलेल्या रॉक समूहाने आपले नाव हर्ट यांच्याच एका गाण्यातून घेतले.

तथापि या कथेला केवळ सुखान्त म्हणणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. शोध लागला तेव्हा हर्ट सत्तरीच्या घरात होते. कलावंताच्या भरात असलेली पस्तीस वर्षे कापसाच्या शेतात आणि गुरांमागे गेली. ती कुठलाही महोत्सव परत करू शकला नाही. उतारवयातील त्यांच्या ध्वनिमुद्रणांच्या हक्कांवरून पुढे न्यायालयात वादही झाले. गरीब आणि कृष्णवर्णीय कलावंताची कला बाजारात येते तेव्हा तिचा मालक कोण, हा प्रश्न त्यांच्या पश्चातही सुटला नाही.

शहरातील मान-सन्मान मिळूनही हर्ट अखेर मिसिसिपीतच परतले. २ नोव्हेंबर १९६६ रोजी ग्रेनाडा येथे हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. दुसऱ्यांदा लाभलेली प्रसिद्धी त्यांना जेमतेम साडेतीन वर्षे उपभोगता आली. अ‍ॅव्हलॉनजवळच त्यांचे दफन झाले. ज्या लहानशा घरात ते राहिले, ते त्यांच्या नातीने पुढाकार घेऊन संग्रहालय म्हणून जतन केले होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते आगीत भस्मसात झाले.

घर राहिले नाही, पण १९२८च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या थंडीत गावाच्या आठवणीने गायलेले ते गाणे आजही ऐकता येते. अ‍ॅव्हलॉन कुठे आहे, हे त्यात अजूनही सांगितलेले आहे.