आकाशातला यजमान : जेआरडी टाटा

विमानतळावरचं लाउंज ही काय चीज असते, हे आता आपल्या हॉस्टेलवरच्या पोरांनाही माहीत झालंय. कार्ड दाखवायचं, आत शिरायचं, मऊ सोफ्यात रुतून बसायचं, हवं ते ताटात वाढून घ्यायचं आणि विमानाची वेळ झाली की आरामात उठायचं. पुढचं तिकीट बिझनेस क्लासचं असेल तर मग बघायलाच नको! बटण दाबलं की खुर्चीचा पलंग होतो. मुंबई सोडल्यावर डोळा लागतो आणि जाग येते ती लंडन जवळ आल्यावर. कोरेगाव स्टँडवर सातारा गाडीची वाट बघत सिमेंटच्या बाकावर बसणाऱ्या आपल्यासारख्यांना हे म्हणजे स्वर्गसुखच वाटणार.

पण मित्रांनो, सुखाची खुर्ची झाडाला लागत नाही. ती किती मागे कलली पाहिजे, चहा किती गरम पाहिजे, पडदा कुठे अडकतो, हे कुणीतरी आधी स्वतः बसून, पिऊन, ओढून बघितलेलं असतं. आपल्या देशात हे काम सगळ्यात चिकाटीने केलं ते जहांगीर रतनजी दादाभाई टाटा, म्हणजेच जेआरडी यांनी. मोठे उद्योगपती म्हणून सगळे त्यांना ओळखतात. या लेखात त्यांची ओळख करून घेऊ ती प्रवाशांचे यजमान म्हणून.

जेआरडींचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील रतनजी दादाभाई हे जमशेटजी टाटांचे नातलग आणि उद्योगातले सहकारी. आई सुझान फ्रेंच. लग्नानंतर त्या सूनी झाल्या. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर हार्देलो नावाच्या गावी टाटांचं सुट्टीतलं घर होतं. तिथे शेजार होता लुई ब्लेरिओ यांचा. १९०९ मध्ये विमानाने इंग्लिश खाडी ओलांडणारा पहिला माणूस तो हाच! शेजारच्या घरात असा माणूस असल्यावर पोराचं डोकं जमिनीवर कसं राहणार? पंधराव्या वर्षी तिथल्याच किनाऱ्यावर जेआरडींना विमानात बसायला मिळालं आणि वैमानिक व्हायचं त्यांनी तेव्हाच ठरवून टाकलं.

आता आपल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याची गोष्ट. जेआरडींना इंजिनिअर व्हायचं होतं. केंब्रिजला जायचं स्वप्न होतं. मधे फ्रेंच नियमाप्रमाणे सैन्यातली नोकरी करावी लागली आणि ती संपते न संपते तोच वडिलांनी भारतात बोलावून घेतलं. १९२५ च्या अखेरीस टाटांच्या कचेरीत ते बिनपगारी उमेदवार म्हणून लागले. पुढच्याच वर्षी वडील वारले. केंब्रिज राहिलं ते राहिलंच. पदवी नसल्याची ही रुखरुख त्यांना आयुष्यभर होती. पण रडत न बसता ते पुस्तकं घेऊन बसले. आपल्यापैकी ज्यांना मनासारखी ब्रँच मिळाली नाही, त्यांनी हे ध्यानात ठेवायला हरकत नाही.

विमानाचं वेड मात्र सुटलं नाही. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिला गेलेला तो पहिलाच परवाना, क्रमांक एक! आगाखानांनी इंग्लंड आणि भारत यांच्यामध्ये एकट्याने विमान उडवणाऱ्या भारतीयासाठी बक्षीस लावलं. पुढच्या वर्षी जेआरडी कराचीहून निघाले, अस्पी इंजिनिअर नावाचा तरुण इंग्लंडहून निघाला. इजिप्तमध्ये दोघांची गाठ पडली. अस्पी यांच्या विमानाचे स्पार्क प्लग खराब झाले होते. जेआरडींनी आपल्याकडचे जादा प्लग त्यांना देऊन टाकले. शर्यत अस्पींनी जिंकली. हेच अस्पी पुढे १९६० मध्ये भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. परीक्षेच्या आदल्या रात्री आपली वही दुसऱ्याला देणारे किती जण आहेत आपल्याकडे? असो!

नेव्हिल व्हिन्सेंट हे इंग्लंडच्या हवाई दलातले माजी वैमानिक. त्यांनी टपाल विमानसेवेची कल्पना मांडली. टाटांनी दोन लाख रुपये घातले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी कराचीहून पस मॉथ जातीचं एका इंजिनाचं छोटं विमान घेऊन निघाले. सोबत लंडनहून आलेली सुमारे २५ किलो टपालाची पोती. रेडिओ नाही, वाट दाखवायला कुणी नाही. अहमदाबादला पेट्रोलचे डबे आले तेही बैलगाडीतून! तिथून मुंबईला जुहूच्या मैदानावर ते उतरले आणि पुढचं टपाल घेऊन व्हिन्सेंट बेल्लारीमार्गे मद्रासला गेले. पावसाळ्यात जुहूचं मैदान चिखलात जायचं, मग सगळं बिऱ्हाड पुण्याला हलवावं लागे. तरीही पहिल्या वर्षी या सेवेने वेळ पाळली ती शंभर टक्के. सह्याद्रीवरचा पाऊस आपल्याला माहीत आहे. त्या पावसात, त्या विमानांनी शंभर टक्के म्हणजे काय, याचा विचार करा.

१९३८ मध्ये वयाच्या ३४ व्या वर्षी ते टाटा समूहाचे अध्यक्ष झाले. पोलाद, वीज आणि पुढे रसायनं, मोटारी असं सगळं त्यांच्याकडे आलं. सातारा-सांगलीकडच्या कित्येक घरांची चूल पुढे पिंपरीच्या ज्या टेल्कोवर पेटली, ती टेल्कोही याच समूहाची. पण जीव अडकला होता तो विमानात. १९४६ मध्ये टाटा एअरलाइन्सची एअर-इंडिया झाली. त्याच वर्षी बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी झुबकेदार मिशांचा, कमरेत वाकून स्वागत करणारा महाराजा जन्माला घातला. तिकीट काढणारा प्रत्येक जण आपला पाहुणा आणि त्याच्यापुढे खुद्द महाराजा वाकलेला, अशी ती कल्पना.

८ जून १९४८ च्या रात्री ‘मलबार प्रिन्सेस’ नावाचं लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान ३५ प्रवासी घेऊन मुंबईहून निघालं आणि कैरो, जिनिव्हा करत लंडनला पोचलं. स्वातंत्र्याला पुरतं वर्षही झालं नव्हतं. जेआरडी आणि त्यांच्या पत्नी थेल्मा त्याच विमानात होते. आपल्या लांब पल्ल्याच्या ऐषारामी विमानप्रवासाची सुरुवात इथून झाली.

आता थोडं इंजिनिअरिंग! ही विमानं हवाबंद केबिनची होती, म्हणून ढगांच्या वर जाऊन शांतपणे उडू शकायची. पण केबिनमधला हवेचा दाब जमिनीवरच्याइतका ठेवत नाहीत. तसं केलं तर विमानाच्या अंगावर फार ताण येतो. प्रवासी विमानात आत जास्तीत जास्त आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढा दाब राखायचा, असा दंडक आहे. म्हणजे महाबळेश्वरच्या जवळपास पावणेदोन पट उंची. तिथे पाणी शंभर अंशांवर न उकळता साधारण ९२ अंशांवरच उकळतं. हवाही कोरडी असते, त्यामुळे नाकाला वास आणि जिभेला चव कमी कळते. विमानातला चहा बेचव का लागतो, याचं उत्तर थर्मोडायनॅमिक्सच्या पुस्तकात आहे बरं का!

पण थर्मोडायनॅमिक्सची सबब सांगून गप्प बसतील ते जेआरडी कसले! ते स्वतःच्या विमानातून साध्या प्रवाशासारखे जात आणि सगळा वेळ टिपणं काढत. उतरल्यावर ती टिपणं अधिकाऱ्यांच्या टेबलावर. जिनिव्हाहून भरलेला चहा आणि कॉफी यांच्या रंगात फरकच कळत नाही, हे त्यांनी कळवलं. काही खुर्च्या जास्त मागे कलतात, काही कमी. सगळ्या सारख्या आणि पुरेशा कलल्या पाहिजेत, फक्त मागे भिंत असलेल्या खुर्च्यांना मर्यादा ठेवा, हेही कळवलं. लाल डब्यात सगळ्यात मागच्या सीटवर बसून ज्याने कोरेगाव ते पुणे प्रवास केलाय त्याला या वाक्याची किंमत कळेल! कर्मचाऱ्याचे कल्ले किती लांब असावेत इथपर्यंत त्यांची नजर जायची. काउंटरवर धूळ दिसली तर कुणाला न बोलावता ते स्वतः पुसून टाकायचे, असं त्यांचे सहकारी सांगत. देशातल्या सर्वात मोठ्या उद्योगसमूहाचा अध्यक्ष फडकं हातात घेतोय म्हटल्यावर बाकीच्यांची काय बिशाद!

आणि गंमत म्हणजे, यातली बरीच वर्षं ही कंपनी त्यांची नव्हतीच. १९५३ मध्ये सरकारने विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण केलं. जेआरडींचा याला विरोध होता. ज्या पद्धतीने निर्णय झाला त्याने ते दुखावले. हातची कंपनी गेली होती. पंडित नेहरूंच्या सरकारने एअर-इंडिया इंटरनॅशनलचं अध्यक्षपद मात्र त्यांनाच देऊ केलं. रागावून घरी बसणं सोपं होतं. त्यांनी पद घेतलं, तेही पगार न घेता, आणि पंचवीस वर्षं सांभाळलं.

या पंचवीस वर्षांत एअर-इंडियाने जगाला तोंडात बोट घालायला लावलं. १९६० मध्ये बोईंग ७०७ जेट आलं आणि त्याच वर्षी मे महिन्यात न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली. १९६२ मध्ये सगळी विमानं जेट असलेली जगातली पहिली विमान कंपनी म्हणून तिची नोंद झाली. १९६७ मध्ये साल्वादोर दाली या जगप्रसिद्ध चित्रकाराकडून खास प्रवाशांना भेट द्यायला ॲशट्रे करून घेतले. मोबदला म्हणून दालींनी मागितलं हत्तीचं पिल्लू! ते बंगलोरहून विमानाने जिनिव्हाला आणि तिथून स्पेनला पोचवलंसुद्धा. १९७१ मध्ये ‘एम्परर अशोक’ हे पहिलं जम्बो जेट आलं. खिडक्यांभोवती बाहेरून राजवाड्याच्या झरोक्यांसारखी नक्षी रंगवलेली आणि वरच्या मजल्यावर पहिल्या वर्गाच्या प्रवाशांसाठी चक्क लाउंज! जमिनीवरचं लाउंज अमेरिकेत १९३९ मध्येच, न्यूयॉर्कच्या विमानतळावर, सुरू झालं होतं. इथे तर लाउंजच हवेत उडत होतं. बिझनेस क्लास नावाचा वेगळा वर्ग जगात रुजला तो यानंतर, १९७८-७९ च्या सुमारास.

या वैभवाला दुःखाची किनारही होती. ‘मलबार प्रिन्सेस’ ३ नोव्हेंबर १९५० रोजी आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखरावर कोसळलं, ४८ जण गेले. २४ जानेवारी १९६६ रोजी त्याच शिखरावर ‘कांचनगंगा’ हे ७०७ कोसळलं, त्यात होते डॉ. होमी भाभा. ज्यांच्या कल्पनेला पाठिंबा देऊन जेआरडींनी १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी करायला मदत केली, ते भाभा त्यांच्याच कंपनीच्या विमानात गेले. आणि १ जानेवारी १९७८ रोजी ‘एम्परर अशोक’ मुंबईहून उडून काही मिनिटांत वांद्र्याच्या समुद्रात पडलं. २१३ जीव गेले. विमानाचा कल दाखवणारं एक उपकरण बिघडलं होतं. रात्रीची वेळ, खाली काळा समुद्र. वैमानिकाला विमान कुठे झुकलंय याचा अंदाजच आला नाही. मऊ खुर्ची आणि गरम जेवण यांच्या मुळाशी असलं एखादं छोटं उपकरण असतं. ते बिघडलं की बाकी सगळं शून्य. उद्या आपल्यापैकीच कुणीतरी अशी उपकरणं तपासणार आहे.

त्याच फेब्रुवारीत मोरारजी देसाई सरकारने जेआरडींना एअर-इंडियाच्या अध्यक्षपदावरून दूर केलं. ही बातमी त्यांना प्रथम कळली ती त्यांच्या जागी नेमलेल्या एअर चीफ मार्शल पी. सी. लाल यांच्याकडूनच. १९३२ पासून वाढवलेलं लेकरू दुसऱ्यांदा हातातून काढून घेतलं गेलं. १९८० मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने त्यांना पुन्हा संचालक मंडळावर घेतलं, तेव्हा ते मान-अपमान न काढता गेले.

१५ ऑक्टोबर १९८२ रोजी पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षं झाली. ७८ वर्षांचे जेआरडी लेपर्ड मॉथ हे जुन्या बनावटीचं छोटं विमान घेऊन कराचीहून मुंबईला पुन्हा एकटे आले. हाताखाली जम्बो जेटचा ताफा वाढवलेला माणूस, पण त्या दिवशी त्याने निवडली ती एका इंजिनाची, ना लाउंज ना चहा अशी जागा! १९९२ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हात त्यांचं निधन झालं. पॅरिसमधल्या पेर लाशेझ दफनभूमीत ते विसावले आहेत. २७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया पुन्हा टाटांकडे आली, पण ते पाहायला जेआरडी नव्हते.

मित्रांनो, आपल्यातले काही जण उद्या नोकरीनिमित्त नक्की परदेशी जातील. कंपनी कदाचित बिझनेस क्लासचं तिकीटही देईल. जरूर मजा करा. लाउंजमध्ये दोनदा वाढून घ्या, खुर्ची पूर्ण मागे घ्या, खिडकीतून खालचे दिवे बघा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण एकदा त्या खुर्चीचा सांधा बघा, कपातल्या चहाचा रंग बघा आणि हे कुणी तपासलं असेल याचा विचार करा. आणि तोवर? तोवर आपलं वर्कशॉप आहे, लॅब आहे, मेस आहे. ‘ही आपली थोडीच आहे, कॉलेजची आहे’ असं म्हणून आपण नळ टपकत ठेवतो, बेंच कोरून ठेवतो. जी कंपनी आपली राहिली नव्हती तिच्या काउंटरवरची धूळ जेआरडींनी पुसली. मालकी गेली तरी जबाबदारी सोडायची नाही, एवढं जरी त्यांच्याकडून घेतलं तरी चार वर्षांची फी वसूल झाली म्हणायची!